गाडी धुवायची तर आधी फडकं निवडा

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. गाडी धुणं ते काय शिकायचं? पण आता आपल्या गटांतल्या कितीतरी घरांत चारचाकी आली आहे. कुणाचा भाजीचा छोटा टेम्पो, कुणाची दुधाची गाडी, कुणाची घरची जुनी कार. बऱ्याच गाड्यांचे हप्ते अजून चालू आहेत. उद्या गाडी विकायची वेळ आली तर गिऱ्हाईक आधी रंग बघतं आणि पत्र्याला गंज लागलाय का ते बघतं. म्हणून घरी गाडी धुवायला काय आणावं आणि कशावर पैसे घालवू नयेत, ते आज आम्ही सांगतो.

आधी एक गोष्ट समजून घेऊ. आपण राखेनं भांडी का घासायचो? राखेचे बारीक कण मळ खरवडून काढतात. गाडीवर बसलेली धूळही खरवडते, पण ती रंग खरवडते. बहुतेक गाड्यांच्या रंगावर एक पातळ पारदर्शक थर असतो. गाडीची चमक त्या थराची. कोरड्या फडक्यानं धूळ पुसली की त्यावर बारीक ओरखडे पडतात. उन्हात कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात, त्या याच. म्हणजे रंग जातो तो साबण कमी पडला म्हणून नाही, तर माती घासली गेली म्हणून.

म्हणून पहिली खरेदी फडक्यांची. मायक्रोफायबरची चार-पाच मऊ फडकी घ्या. त्यांचे धागे बारीक असतात, धूळ आत ओढून घेतात. जुनी साडी किंवा धोतर मऊ वाटतं, पण धूळ त्याच्या पृष्ठावरच राहते आणि रंगावर फिरते. भांड्यांची घासणी आणि काथ्या तर गाडीजवळ आणूच नका. फडकं खाली मातीत पडलं तर ते धुतल्याशिवाय पुन्हा रंगाला लावायचं नाही. चाकांचं फडकं वेगळं ठेवा, त्याला गाठ मारून खूण करा.

दुसरी गोष्ट, बादल्या दोन. आपण भांडी दोन पाण्यांतून काढतो, तसंच हे. एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. गाडीवर हात फिरवला की फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं, मग शाम्पूत बुडवायचं. साध्या पाण्याच्या तळाशी साचलेली माती बघितलीत की कळेल, ती एरवी रंगावर घासली गेली असती.

तिसरा, गाडीचा शाम्पू. कपड्यांच्या पावडरीत सोडा असतो आणि भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायला बनवलेला असतो. रोज वापरले तर रंगावरचं मेण निघून जातं आणि रबर कोरडं पडतं. गाडीचा शाम्पू सौम्य असतो. बाटलीवर लिहिलंय तेवढाच घाला, जास्त फेस म्हणजे जास्त स्वच्छ असं नाही. रॉकेल किंवा डिझेलनं गाडी पुसू नका. घटकाभर चमकते, पण रबर खराब होतं आणि तेलकट पत्र्यावर धूळ आणखी चिकटते. चाकांना संडासाचं ॲसिड तर कधीच नको. चाक खराब होतंच, शिवाय हाताला आणि डोळ्यांना धोका.

आता धुण्याची रीत. गाडी सावलीत लावा आणि पत्रा गार होऊ द्या. आधी चाकं धुवा. मग गाडीवर नुसतं पाणी ओतून माती भिजवा आणि सुटू द्या. नंतर टपापासून खाली या. बोअरचं पाणी जड असेल तर अंगावर वाळताना पांढरे डाग पडतात, म्हणून लगेच कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. पक्ष्याची विष्ठा दिसली की वाट बघू नका, ओलं फडकं थोडा वेळ ठेवून उचला. ती रंग खाते.

टेम्पोवाल्या मैत्रिणींनो, तुमच्यासाठी खास. खताची पोती वाहिली असतील तर हौद आधी झाडा, मग धुवा. खत ओलं झालं की पत्रा गंजतो. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघायला बारीक भोकं असतात. त्यांत कांद्याची सालं, कचरा अडकला तर पाणी आत साचतं. लाकडी काडीनं मोकळी करा.

आतून नरम ब्रश आणि ओलसर फडकं पुरतं. चमकवणारं पॉलिश स्टिअरिंगला, ब्रेकच्या पायट्याला किंवा टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागाला लावू नका. हात-पाय सटकला तर जिवावर बेतेल. इंजिनावर पाण्याची नळी मारू नका, तिथं विजेच्या तारा असतात. धुतल्यावर गाडी हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा हलके दाबा, म्हणजे ते कोरडे होतात.

मेणाचं पॉलिश सर्वांत शेवटी घ्या. दोन-तीन महिन्यांनी एकदा, धुतलेल्या कोरड्या गाडीवर पातळ लावलं की पाणी आणि मळ कमी धरतो.

पाण्याचंही बोलू. चालू नळीतून मिनिटाला 10 ते 15 लिटर पाणी सहज जातं, म्हणजे 20 मिनिटांत 200 ते 300 लिटर. 15 लिटरच्या चार बादल्यांत, 60 लिटरांत, कार नीट धुऊन होते. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या घराला हा फरक केवढा! साबणाचं पाणी विहिरीकडे किंवा ओढ्याकडे जाऊ देऊ नका.

आता यादी पुन्हा सांगतो, लिहून घ्या. दोन बादल्या, पाच फडकी, गाडीचा शाम्पू, एक नरम ब्रश. एवढं आधी. मेण पैसे जमले की. शाम्पू आणि मेण मोठ्या बाटलीत घेऊन गटात वाटून घ्या, पण पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत भरू नका. घरात लेकरं असतात.

आणि हो, हे काम घरातल्या मुलांनाही शिकवा, गाडी काही फक्त आपल्याच नावावर नाही. भेटूया पुढच्या भागात. नमस्कार!