काचेतून गळणारं पाणी
पालघर, बोईसर, तारापूरकडे खारा वारा आणि मुसळधार पाऊस, दोन्ही जुन्या गाड्यांना छळतात. मारुती ८००, ओम्नीसारख्या गाड्यांची पुढची काच रबराच्या पट्टीत बसवलेली असते. उन्हाने रबर कडक होऊन आकसतं आणि पाणी झिरपतं.

आधी वायपरखालच्या जाळीतला पालापाचोळा काढा. ती तुंबली तरी पाणी आत येतं. मग एकाने टॉर्च घेऊन आत बसावं, दुसऱ्याने नळीने खालून वर सावकाश पाणी सोडावं.

रबर मऊ असेल तर कड उचलून, पुसून, कोरडी करून कडक न होणारं सीलंट भरा. भेगा पडल्या असतील तर रबरच बदला. काच काढल्यावर चौकटीचा गंज खरवडून प्रायमर लावा. आंबट वासाचं सिलिकॉन टाळा. त्यातल्या आम्लाने पत्रा गंजतो. काम मे महिन्यातच उरका.