स्कूटरच्या पोटातली दोन ऑइलं

नवी मुंबईत नेरूळच्या एखाद्या सोसायटीतून निघून दिवसभर स्टेशनच्या पार्किंगमध्ये उभी राहणारी 110 सीसीची स्कूटर घ्या. अशा इंजिनात पिस्टनची चाल साधारण साडेपाच सेंटिमीटर असते. इंजिन मिनिटाला पाच हजार फेरे घेत असेल, तर पिस्टन त्या मिनिटात दहा हजार वेळा या टोकाहून त्या टोकाला जातो, म्हणजे सरासरी सेकंदाला नऊ मीटर. हिशेब आणखी ताणला की गंमत वाटू लागते. याच फेऱ्यांवर, ताशी 50 किलोमीटरने, स्कूटर तीन हजार किलोमीटर धावते तेवढ्यात पिस्टन त्या साडेपाच सेंटिमीटरच्या खोलीत सुमारे दोन हजार किलोमीटर सरकलेला असतो. मुंबईहून दिल्ली गाठून परतीची निम्म्याच्या जवळपास वाटही संपावी, एवढं हे अंतर. शेजारी दर सेकंदाला चाळीसेक स्फोट होत असतात. एवढं होऊनही पिस्टन वर्षानुवर्षं टिकतो, तो आतल्या साडेसहाशे-सातशे मिलीलिटर ऑइलच्या जिवावर.

ऑइलमुळे धातू गुळगुळीत होतो आणि म्हणून घासत नाही, असं आपण धरून चालतो. खरं काय घडतं याचा पत्ता 1883 मध्ये बीचम टॉवर या इंग्रज इंजिनिअरला जवळजवळ अपघातानेच लागला. तो रेल्वेच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. ऑइल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरू लागताच त्या भोकातून ऑइल उलट वर यायला लागलं. त्याने बुचाने भोक बंद केलं, बूच निघालं. लाकडी खुंटी ठोकली, तीही वर ढकलली गेली. दाबमापक लावला तेव्हा दिसलं, की बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीहून जास्त दाब ऑइलमध्ये तयार होतो आहे. फिरणारा आस ऑइलला स्वतःखाली ओढून घेत होता आणि त्याच ऑइलवर उचलला जात होता. 1886 मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. मुसळधार पावसात पाम बीच रोडवर भरधाव गाडीचं चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगतं, तेही काहीसं याच धर्तीवर. फरक एवढाच, की रस्त्यावर ते जीवघेणं ठरतं आणि सिलिंडरमध्ये जीव वाचवतं.

म्हणजे चालत्या इंजिनात पिस्टन बराच वेळ सिलिंडरला शिवतच नाही. मधे काही मायक्रॉन जाडीचा ऑइलचा पडदा असतो.

पण या पडद्याला वेग लागतो, आणि पिस्टन प्रत्येक टोकाला क्षणभर थांबतो. मिनिटाला दहा हजार वेळा. त्या क्षणी पडदा विरतो आणि भौतिकशास्त्राची पाळी संपून रसायनशास्त्राची सुरू होते. ऑइलमध्ये मिसळलेलं झेडडीडीपी नावाचं जस्त, गंधक आणि फॉस्फरसचं संयुग धातूवर साय धरतं. तिची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी. घासली जाते ती साय, आणि ऑइलमधल्या साठ्यातून ती पुन्हा धरते. आधी हे रसायन ऑइल हवेने खराब होऊ नये म्हणून घालत असत. त्याने झीजही रोखली जाते, हे नंतर कळलं. मला तर हा सगळ्या गोष्टीतला सर्वांत सुंदर योगायोग वाटतो. साठा मात्र मोजका असतो आणि तो संपत जातो. ऑइल बदलायचं मुख्य कारण इथे आहे.

या ऑइलचं एक मोठं जन्मस्थान आपल्या खाडीपलीकडेच आहे. माहुलला हिंदुस्तान पेट्रोलियमच्या आवारात देशातली सर्वांत मोठी ल्यूब रिफायनरी आहे. 1969 मध्ये ती ल्यूब इंडिया या नावाने सुरू झाली, आणि आज तिची क्षमता वर्षाला चार लाख टनांहून अधिक बेस ऑइलची आहे. त्या बेस ऑइलमध्ये अशी रसायनं मिसळली, की दुकानातल्या बाटलीतलं ऑइल तयार होतं.

बाटली घेताना स्कूटरवाल्याने दोन गोष्टी वाचाव्यात. पहिली 10डब्ल्यू-30 सारखी आकड्यांची जोडी: यातला पहिला भाग थंडीतल्या वाहतेपणाचा, दुसरा 100 अंशाला राहणाऱ्या दाटपणाचा. दुसरी म्हणजे एमए की एमबी. ही जपानी वर्गवारी आहे. बहुतेक मोटारसायकलींचा क्लच इंजिन ऑइलमध्येच बुडालेला असतो, त्यामुळे तिथलं ऑइल फार निसरडं चालत नाही, क्लच घसरतो. ते एमए. स्कूटरचा क्लच कोरडा, बेल्टच्या बाजूला वेगळा. म्हणून तिला जास्त निसरडं एमबी चालतं. धाकट्या भावाच्या बाइकमध्ये उरलेलं एमबी ओतायचा मोह टाळा.

काढलेलं ऑइल काळं दिसलं की लोक कंपनीला शिव्या घालतात. उलट, काळं झालेलं ऑइल काम करून आलेलं असतं. जळण्यातून आलेली काजळी कुठेही बसू न देता ती स्वतःत तरंगत ठेवायची, हे त्याचं कामच आहे. काळजी करायची तर पाण्याची करा. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ सायलेन्सरमधून जाते, थोडी रिंगांच्या फटीतून खाली ऑइलमध्ये उतरते. इंजिन चांगलं तापलं तर तीही उडून जाते. घर ते स्टेशन दोन किलोमीटर, संध्याकाळी पुन्हा दोन, अशा गाडीत ते तापतच नाही. कमी चालणाऱ्या गाडीचं ऑइल किलोमीटर भरले नाहीत तरी मुदत झाली की बदला म्हणतात, ते यामुळे.

आता दुसरं ऑइल. ताशी 50 ला मागचं दहा इंची चाक मिनिटाला सहाशेच्या आसपास फिरतं, इंजिन मात्र हजारोंच्या घरात. मधला बराचसा फरक मागच्या चाकाजवळची मूठभर गिअरपेटी भरून काढते. तिच्यात ऑइल किती? ॲक्टिव्हासारख्या गाडीत सव्वाशे मिलीलिटरच्या आसपास. तिथे स्फोट नाहीत, काजळी नाही, पण दोन दात जिथे एकमेकांना टेकतात त्या रेघेवर दाब वातावरणाच्या हजारो पट चढतो. एवढ्या दाबाखाली ऑइल अफाट दाट होतं. दातांच्या फटीत सापडलेला थेंब क्षणाच्या लहानशा अंशापुरता जवळजवळ घन होतो, दातांना वेगळं ठेवतो, आणि सुटला की पुन्हा पातळ. दातांच्या पृष्ठभागाची सूक्ष्म लवचीकता आणि ऑइलचं हे घट्ट होणं यांचा एकत्र हिशेब इंग्लंडमध्ये डाउसन आणि हिगिन्सन यांनी 1959 मध्ये लावून दाखवला.

इथे पिढ्यांची एक उलटापालट आहे. आकुर्डीची चेतक स्कूटर 1972 ची, टू-स्ट्रोक. तिचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं आणि धूर होऊन जायचं. बदलायचं ते फक्त गिअर ऑइल. वडिलांची पिढी तेवढंच जाणायची. आताच्या फोर-स्ट्रोक स्कूटरवाल्याला इंजिन ऑइल आठवतं आणि गिअर ऑइल वर्षानुवर्षं लक्षात येत नाही.

घरी करायचं तर काम तासाभराचं. गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून बंद करा, कोमट ऑइल नीट निघतं. खाली पुठ्ठा, त्यावर पसरट भांडं; पार्किंगच्या फरशीवरचा डाग सेक्रेटरी विसरत नाहीत. हातमोजे घाला, जळकं ऑइल कातडीला वाईट. डिपस्टिक काढून ड्रेन बोल्ट सोडा. ॲक्टिव्हासारख्या गाडीत स्प्रिंग आणि जाळी असते, ती पेट्रोलने धुऊन जशी होती तशीच बसवा. वायसर नवा घाला. बोल्ट आधी बोटांनीच फिरवा, शेवटी पाना लावा: केसिंग ॲल्युमिनियमचं असतं, जोर काढलात तर आटे जातात आणि पन्नास रुपयांचं काम हजारांत जातं. ऑइल भरून इंजिन थोडं चालवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग पातळी बघा. ॲक्टिव्हाची डिपस्टिक तपासताना आटे फिरवायचे नसतात, नुसती टेकवायची. जास्त भरणं हे कमी भरण्याइतकंच वाईट.

गिअर ऑइलचा एक नियम पाठ करा: आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघा, मगच खालचा सोडा. वरचा गंजून बसला असेल तर पेटी रिकामी आणि भरायला वाट नाही, अशी अवस्था होते. भरायला मेडिकलमधली मोठी सिरिंज उत्तम. निघालेलं ऑइल दुधाळ असेल तर पावसाच्या तुंबलेल्या पाण्यातून गाडी नेताना पेटीत पाणी शिरलं आहे असं समजा. ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या: काही कंपन्या गिअरपेटीला इंजिनचंच ऑइल सांगतात, काही जास्त दाट.

उरतं ते जळकं ऑइल. सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला कुणी मागेल, देऊ नका. गटारात तर मुळीच नको. नवी मुंबईची बरीच जमीन भरतीच्या पातळीखाली असल्यामुळे सिडकोने डच पद्धतीचे धारण तलाव केले. पावसाळी गटारांचं पाणी तिथे साठतं आणि ओहोटीला खाडीत जातं, त्याच खाडीत जिला 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 मध्ये रामसर स्थळ म्हणून मान्यता मिळाली. वापरलेलं ऑइल कायद्याने घातक कचरा आहे, आणि 1 एप्रिल 2024 पासून ते पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवरही आली आहे. शुद्ध केलं की त्यातून पुन्हा बेस ऑइल निघतं. तेव्हा काढलेलं ऑइल नव्याच्याच रिकाम्या बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा आणि जुनं ऑइल पिंपात जमा करणाऱ्या गॅरेजला द्या. त्यात जाळी धुतलेलं पेट्रोल किंवा पाणी मिसळू नका. असं ऑइल शुद्ध करणं फार अवघड जातं.