वखार पावती आणि धारणाधिकार

सुगीत भाव पडलेले असता तूर वा सोयाबीन विकून न टाकता वखारीत ठेवावे, पावतीवर बँकेचे कर्ज काढावे व भाव चढल्यावर माल विकावा, ही पद्धत आता ग्रामीण भागात परिचित झाली आहे. राज्य वखार महामंडळाची स्थापना १९५७ साली झाली. तथापि वखारीचे भाडे थकले तर मालाचे काय होते, याविषयी पुष्कळ गैरसमज आढळतात.

थकबाकी वसूल होईपर्यंत माल अडवून ठेवण्याच्या हक्कास कायद्यात ‘धारणाधिकार’ असे नाव आहे. धारणाधिकार म्हणजे मालकी नव्हे. मालाचा धनी शेतकरीच राहतो.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १७० अन्वये ज्याने मालावर श्रम वा कौशल्य खर्च केले, त्यास मोबदला मिळेपर्यंत तो माल ठेवून घेता येतो. शिंप्याने शिवलेला कोट हे त्याचे सरळ उदाहरण होय. नुसती जागा देणाऱ्याने मालावर कोणते कौशल्य खर्चिले? कलम १७१ मध्ये सर्वसाधारण धारणाधिकार ज्यांना दिला आहे, त्यांत बँका, अडते, धक्केवाले यांचा उल्लेख आहे, वखारवाल्याचा नाही. त्यामुळे खाजगी गोदामात माल ठेवताना करारपत्रातील मजकूरच बव्हंशी निर्णायक ठरतो. शहरांत घरसामान ठेवण्यासाठी भाड्याने मिळणाऱ्या खोल्यांची गोष्टही वेगळी नाही. न वाचता सही करण्याची सवय येथे महागात पडते.

नोंदणीकृत वखारींची स्थिती निराळी आहे. वखार (विकास व विनियमन) अधिनियम, २००७ हा २०१० साली अमलात आला. त्याच्या कलम १० ने साठवण व देखभालीच्या आकारापोटी वखारचालकास धारणाधिकार दिला आहे. भाड्याचे दर आणि हा अधिकार यांचा उल्लेख पावतीतच असावा लागतो. उलट, दक्ष मालक स्वतःच्या मालाची जेवढी काळजी घेईल तेवढी घेणे वखारचालकावर बंधनकारक आहे. कसर लागली, पोती भिजली तर नुसते हात वर करून भागत नाही.

पावतीवर बँकेच्या तारणाची नोंद असेल, तर ती रद्द होईपर्यंत माल सोडता येत नाही. भाडे भरूनही माल का मिळत नाही, या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथे असते. २०१७ पासून या पावत्या इलेक्ट्रॉनिक स्वरूपात निघू लागल्याने ही नोंदही त्याच व्यवस्थेत होते.

साठवणीची मुदत संपूनही माल उचलला नाही, तर वखारचालकास आपली बाकी वसूल करण्यासाठी माल विकता येतो. मात्र त्यापूर्वी नोटीस द्यावी लागते. ही नोटीस वखारीत नोंदविलेल्या पत्त्यावर जाते. खातेदार मयत झाला असल्यास किंवा कुटुंब ऊसतोडीस गेले असल्यास ती न वाचताच पडून राहण्याचा संभव असतो. अशा वेळी वारसाने वा नातेवाइकाने पावती घेऊन मुदतीपूर्वी वखारीत जाणे आवश्यक असते. पत्र कोणाचे व कशासंबंधी आहे, हे त्या घरास समजावून सांगण्याचे काम गावातील शिक्षक वा पंचायत सदस्यास सहज करता येईल.