पोडियमचा माईक शिट्टी का मारतो?

नांदेडचं कुसुम सभागृह असो, लातूरचं दयानंद सभागृह असो, की १७ सप्टेंबरचा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचा मांडव. पाहुणे उभे राहतात, माईकवर टकटक होते, ‘हॅलो हॅलो’ होतं आणि स्पीकरच्या बॉक्समधून कूंऽऽ! शिव्या साउंडवाल्याला.

खरं कारण बहुतेकदा अंतराचं असतं. तोंड आणि माईकमधलं अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. मग साउंडवाला माईकचा गेन चढवतो, बॉक्सचा आवाज परत माईकमध्ये शिरतो, तीच ती शिट्टी. वीतभर अंतर ठेवा. माईक हनुवटीच्या उंचीवर, किंचित बाजूला, पण रोख तोंडाकडे. अगदी समोर धरला की ‘प्रमुख पाहुणे’ म्हणताना प्रत्येक ‘प’ला फट्‌ होतं!

बॉक्स वक्त्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून. वाकत्या दांडीचे माईक बहुधा कार्डिऑइड असतात, म्हणजे पाठीमागून कमी ऐकतात. पण माईकचं डोकं मुठीत धरलं की तो गुण गेला, शिट्टी हमखास. (आपल्या पुढाऱ्यांची ही आवडती सवय!) माईक कंडेन्सर (वीज लागणारा) असेल तर मिक्सरवर ४८ व्होल्टचं बटण लागतं, नाहीतर तो मुकाच राहतो. खालचे जाड आवाज कापणारं लो-कटचं बटणही दाबा, म्हणजे पोडियमवरची थापाथापी कमी घुमते.

पोडियमवर दोन माईक असतील तर एकच चालू ठेवा. दोन्हींमध्ये आवाज वेगवेगळ्या वेळी पोचतो आणि पोकळ ऐकू येतो.

आणि संयोजकहो, साउंडवाल्याला कार्यक्रमाआधी अर्धा तास तरी मोकळा हॉल द्या.