ट्रकच्या एसीतील गॅस ‘संपतो’ का?

कळंबोली किंवा न्हावा-शेवा परिसरात उभ्या जुन्या ट्रकची केबिन थंड होईनाशी झाली, की ‘गॅस संपला, भरून घ्या’ असा सल्ला सर्रास दिला जातो, कारण गॅस डिझेलप्रमाणे वापरून संपतो, अशी समजूत रूढ आहे. वस्तुतः शीतक (उष्णता वाहून नेणारा पदार्थ, बहुधा आर-१३४ए) बंद नळ्यांत फिरत राहतो. इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा कॉम्प्रेसर (दाब देणारे यंत्र) त्याला दाबतो, कंडेन्सरमध्ये (उष्णता बाहेर टाकणारी जाळी) तो द्रवरूप होतो आणि केबिनमध्ये पुन्हा वायुरूप होताना तेथील उष्णता शोषून घेतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडा वायू झिरपतो हे खरे. परंतु एकाच उन्हाळ्यात थंडावा गेला, तर गळतीच शोधावी लागते, जसे पंक्चर न काढता सायकलच्या ट्यूबमध्ये हवा भरत राहणे व्यर्थ असते.

खाडीकाठच्या खाऱ्या, दमट हवेत कंडेन्सर व सांधे गंजत असल्याने तपासणी तेथूनच सुरू करणे इष्ट. गळती बुजवल्यावर निर्वात पंपाने आतील हवा व ओलावा काढणे आवश्यक असते, कारण ओलावा राहिल्यास तो शीतकाचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेत गोठतो आणि नळ्यांना आतून गंज चढवतो.

१ ऑक्टोबर २०२५ पासून निर्माण होणाऱ्या, ३.५ टनांहून अधिक एकूण वजनाच्या ट्रकच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला आहे. त्यापूर्वीच्या गाड्यांतील चालकांचा थंडावा मात्र अद्याप अशा दुरुस्तीवरच अवलंबून आहे.