तबकडीस स्नान घालावें कीं न घालावें?

रावेर म्हटलें कीं लोकांस केळीच्या बागा आठवतात. आम्हांस मात्र वैशाखांतील धूळ आठवते. ही धूळ न विचारतां घरांत शिरते व जुन्या तबकड्यांवर ठाण मांडून बसते. कोरड्या हवेंत व्हायनिलच्या तबकडीवर घर्षणानें वीज सांचते, ती धूलिकण ओढून घेते, आणि मग गाण्यापेक्षां खरखरच अधिक ऐकूं येते.

गेल्या उन्हाळ्यांत आमच्या पुतण्यानें यावर एक स्वस्त तोड सुचविली: तबकडीवर पाणी पसरून ती ओलीच वाजवावी. आम्हीं तसें केलें, आणि सुधीर फडके यांच्या आवाजांतील ‘गीतरामायणा’ची तबकडी खरोखरच स्वच्छ बोलूं लागली! कारण उघड आहे. ओलाव्यानें वीज निघून जाते, सुईस वंगण मिळतें व बारीक खटके दबतात.

परंतु हें सुख क्षणिक होय. खांचेंतील धुळीचा पाण्यांत चिखल होतो आणि पाणी सुकलें कीं तो तळाशीं घट्ट बसतो. पुढें तीच तबकडी कोरडी वाजविली तर पूर्वीहूनहि अधिक खरखरते. म्हणजे एकदां ओली ती कायमचीच ओली! पाणी विहिरीचें व जड असेल तर क्षारांची आणखी भर पडते. शिवाय झिजलेली खांच पाण्यानें भरून येत नाहीं, ती नाहींच.

याहून मोठी चूक आमच्या हातून पूर्वीं घडली, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. वडिलांनीं जपलेली बालगंधर्वांची ७८ फेऱ्यांची एक तबकडी आम्हीं स्पिरिटनें पुसली. फडकें काळें झालें, तबकडीची चकाकी गेली आणि तिच्यासवें सूरहि गेला. ती लाखेची होती. पळस, बोर, कुसुंब या झाडांवरील किड्यांपासून मिळणारी ही लाख स्पिरिटमध्यें विरघळते. पांडवांचें लाक्षागृह अग्नीनें जळालें. आमचें आम्हींच पुसून टाकलें! व्हायनिलच्या लांब तबकड्या अमेरिकेंत १९४८ सालीं निघाल्या, परंतु आपल्याकडे लाखेच्या त्यानंतरहि कित्येक वर्षें निघत होत्या. म्हणून ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेचीच समजून वागावें.

तर मग गरिबानें काय करावें? तबकडी वाजवितांना भिजवूं नये, आधीं धुवावी. बॅटरींत घालावयाचें शुद्ध पाणी स्वस्तांत मिळतें. त्यांत सौम्य साबणाचा एक थेंब टाकून मऊ मखमलीनें खांचेच्या दिशेनें हलकेंच पुसावें, मधला कागद भिजूं देऊं नये, नुसत्या शुद्ध पाण्यानें पुन्हां धुवावें आणि सावलींत उभी ठेवून पूर्ण सुकल्यावरच वाजवावी. लाखेच्या तबकडीवर केवळ ओलसर फडकें फिरवून लगेच कोरडें करावें, व स्पिरिटची बाटली त्या खोलींतहि आणूं नये.

वडिलांची ती मुकी तबकडी आम्हीं अद्याप टाकलेली नाहीं. अज्ञानाची किंमत आम्हीं दिली. वाचकांस ती पुन्हां द्यावी लागूं नये, एवढ्याचकरितां हा लेखनप्रपंच.