भाकरीला लागणारे हात

पुण्यातल्या पोळी-भाजी केंद्रांच्या दरपाट्या वाचताना एक गोष्ट खटकते. पोळी दिवसभर मिळते. ज्वारीची भाकरी मात्र पोळीच्या जवळपास दुप्पट दराने विकली जाते, आणि बऱ्याच ठिकाणी ती आधी सांगून ठेवावी लागते. दोन-तीन पिढ्यांपूर्वी याच राज्यातल्या बहुसंख्य घरांत भाकरी रोजची होती आणि गव्हाची पोळी सणावाराची. गरिबाचं म्हणून बाजूला सारलेलं अन्न पोळीपेक्षा महाग कसं झालं, याचं अर्धं उत्तर धान्याच्या भावात आहे. चांगली मालदांडी ज्वारी आज गव्हापेक्षा महाग पडते. उरलेलं अर्धं उत्तर केंद्राच्या आतल्या बाजूला, तव्यापाशी बसलेल्या बाईकडे आहे. अशाच एका केंद्रात सोलापूरकडच्या, पन्नाशी ओलांडलेल्या एक मावशी भाकऱ्या थापतात. दिवसाला किती होतात, असं विचारलं तर मान वर न करता त्या म्हणतात, “दीडशे. त्याच्यावर खांदा नाय म्हणतो.” शेजारी पोळ्या लाटणाऱ्या बाईंचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. ज्वारी खा, असा सल्ला सध्या सगळीकडून मिळतो. तो सल्ला देणाऱ्यांनी हा दीडशेचा आकडा आधी समजून घ्यावा, असं मला वाटतं.

कृती दिसायला साधी आहे: पिठात कढत पाणी घालायचं, एका भाकरीपुरता गोळा मळायचा, थापायचा, तव्यावर टाकून वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायचा आणि शेवटी आचेवर फुगवायचा. यातल्या प्रत्येक टप्प्यावर हाताला निर्णय घ्यावा लागतो. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं. त्यामुळे कणीक ताणली तरी तुटत नाही, सकाळी एकदाच भिजवून ठेवता येते आणि लाटण्याखाली निमूट पसरते. ज्वारीत ग्लुटेन नाही. कढत पाण्याने पिठातला स्टार्च फुलतो आणि चिकटपणा येतो, त्यावरच गोळा धरून राहतो. म्हणून पीठ एकदम मळून ठेवता येत नाही, प्रत्येक भाकरीला पुन्हा तळहाताच्या बुंध्याने रगडावं लागतं. मावशी परातीतल्या पिठाची चिमूट बोटांत चोळून पाहतात आणि सांगतात, “विरी हाय का नाय, हितंच कळतं.” विरी गेलेलं, म्हणजे दळून बरेच दिवस झालेलं पीठ कितीही मळलं तरी भाकरीच्या कडा फाटतात. थापताना डावा हात कड सांभाळतो आणि उजवा भाकरी गोल फिरवत पसरवत नेतो. वरून पाणी कमी लागलं तर पृष्ठभागाला भेगा पडतात, जास्त झालं तर ती चिकट होते, आणि उलटायला उशीर झाला तर पापुद्रा सुटत नाही. हे सगळं दीड-दोन मिनिटांत होतं. मग पुढचा गोळा. त्यांच्या हातांकडे पाहत राहावंसं वाटतं, पण मनगटावर घट्ट बांधलेला पट्टाही त्याच हातांवर आहे, तोही पाहायला हवा.

ज्वारी ताटातून गेली ती केवळ लोकांची आवड बदलली म्हणून नव्हे. १९७० च्या सुमारास देशात पावणेदोन कोटी हेक्टरांच्या आसपास ज्वारी पेरली जात होती. आज ते क्षेत्र चाळीस लाख हेक्टरांच्या आगेमागे आलं आहे. मधल्या काळात हरितक्रांतीने गहू-तांदळाला पाणी, खत, हमीभावाची खरेदी आणि रेशनचं दुकान असं सगळं मिळवून दिलं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया किलो असे दर लिहिले होते, पण महाराष्ट्रातल्या बहुतेक दुकानांत वर्षानुवर्षं पिशवीत पडले ते गहू आणि तांदूळच. शिवाय १९७२ च्या दुष्काळात खाल्लेला तांबडा मिलो, म्हणजे परदेशातून आणलेली ज्वारी, आणि नंतर खरिपातली, ओल्या पावसात काळी पडणारी हायब्रीड ज्वारी यांनी अनेक घरांत भाकरीची चवच बिघडवली. रब्बीची, काळ्या रानातल्या ओलीवर येणारी पांढरी टपोरी ज्वारी टिकली ती सोलापूर, मंगळवेढा, बार्शी, अहिल्यानगर, बीड अशा पट्ट्यांत. तिथेही तिला तारलं ते धान्याइतकंच जनावरांच्या कडब्याने.

मग २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष आलं आणि ज्वारी-बाजरी-नाचणीच्या गुणांची उजळणी सुरू झाली. इथे प्रामाणिक राहायला हवं. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिनं आणि तितकाच चोथा असतो. गव्हाच्या न चाळलेल्या कणकेतही हे प्रमाण जवळपास एवढंच आहे. ठळक फरक दिसतो तो पॉलिश केलेल्या तांदळाशी, कारण त्यात चोथा ३ ग्रॅमही भरत नाही. नाचणीतलं ३६० मिलिग्रॅमच्या पुढचं कॅल्शियम आणि बाजरीतलं लोह हे त्या-त्या धान्याचे खरे गुण आहेत. त्यांच्या भरवशावर सगळ्याच भरडधान्यांना औषध म्हणून विकणं बरोबर नाही. चार भाकऱ्या खाऊन रक्तातली साखर उतरत नाही. दोन भाकऱ्यांसोबत वाटीभर डाळ आणि पालेभाजी खाल्ली, तर जेवण चांगलं होतं. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिनची जी उणीव आहे ती डाळीने भरून निघते. पिठलं-भाकरी, भाकरी आणि शेंगांची आमटी, ज्वारीच्या पिठाचं धपाटं बेसन घालून, या जोड्या आपल्या स्वयंपाकघरांनी तक्ते छापले जाण्याआधीच बसवल्या होत्या. मग गव्हाची पोळी इतकी बरी असताना ज्वारीसाठी आटापिटा कशाला, असा प्रश्न कुणी विचारील, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं की एकाच धान्यावर रोजची तिन्ही जेवणं उभी करू नयेत. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी तर ज्वारी ही सोय नसून गरज आहे. आणि ज्या रानात गव्हाला पाणी नाही तिथल्या शेतकऱ्याचं धान्य शहराने विकत घ्यायलाच हवं.

पण हे मान्य केलं तरी थापायचं कुणी, हा प्रश्न राहतोच. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्या बिनमोल कामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात, असं आढळलं. घरकामात भाग घेणाऱ्या पुरुषांची सरासरी ९७ मिनिटं होती, आणि भाग घेणारे पुरुष मुळातच चौघांत एखादा. पाच माणसांच्या घरात एका जेवणाला दहा भाकऱ्या धरल्या, तर एका बाईच्या दिवसात किमान पंधरा-वीस मिनिटं सलग तव्यापाशी वाढतात, आणि भाकरी गरमच हवी असल्यामुळे तिचं स्वतःचं ताट सगळ्यांत शेवटी. नोकरी करणाऱ्या बाईने कणकेचा डबा जवळ केला तो आळसापोटी नाही. मावशींचे दीडशे निदान मोजले जातात, त्यांना दर आहे. मुंबईत गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवणाऱ्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा हाच मुद्दा होता: रांधणं हे काम आहे, त्याला भांडवल लागतं आणि मोबदलाही. म्हणून भाकरीचा दर दुप्पट आहे याची तक्रार मला पटत नाही. घरी फुकट मिळाली म्हणून तिची किंमत कुणी कधी लावली नव्हती.

यंत्राने हे सुटणार नाही का? काही अंशी सुटेल. भाकरी दाबून पसरवणारी यंत्रं बाजारात आली आहेत आणि मोठ्या खानावळींना ती उपयोगी आहेत. ज्यांचे खांदे वाचतात त्यांच्यासाठी तेवढंही थोडं नाही. सोलापूरच्या बचत गटांनी कडक भाकरीचा धंदा उभारला आहे. पातळ थापून कडकडीत वाळवलेली ही भाकरी कित्येक दिवस टिकते, दूरच्या गावी पाठवता येते आणि आमटीत चुरून खाता येते. मला हा मार्ग ज्वारीच्या बिस्किटांपेक्षा आणि शेवयांपेक्षा कितीतरी सरळ वाटतो. पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. पहिलं नाव मैद्याचं आणि ज्वारी पाच-दहा टक्के असेल, तर त्यात ज्वारी खाल्ल्याचं समाधानच जास्त.

घरी करायची असेल, तर थापण्याचा आग्रह सोडावा, असं मावशींचंही मत आहे. “नवीन माणसानं उकड काढावी,” त्या म्हणतात, “थापणं मागनं येतंय.” पाणी उकळून त्यात चवीपुरतं मीठ घालावं, साधारण तेवढंच पीठ सोडून ढवळावं, झाकण ठेवून पाच-दहा मिनिटं वाफ जिरू द्यावी आणि कोमट असतानाच चांगलं मळावं. ही उकड लाटण्याने लाटता येते. पीठ विकतचं जुनं घेण्यापेक्षा ज्वारी आणून आठ-दहा दिवसांपुरतीच दळावी. गिरणीवाल्याला आधीच्या दळणात गहू होता का, हे विचारावं. ग्लुटेन टाळणाऱ्या घरांत तर ते विचारावंच लागतं. सुरुवातीला भाकरी तळहातापेक्षा थोडी मोठी आणि जराशी जाड ठेवावी, कड फाटली तर ओल्या बोटाने सांधावी. आठवड्यातून दोन रात्री पुरे. त्यांतली एक रात्र घरातल्या पुरुषाने परात पुढे ओढावी. उकडीला पिढीजात हात लागत नाही, आठ-दहा भाकऱ्या बिघडल्या की तो कुणालाही बसतो.